सायकल म्हणायला दात लागतात

“पहिल्या विसांत आलो नाही, तर नावाचा कवळीकर नाही,” असं कवळीकर छातीठोकपणे म्हणाले. यात त्यांना धोका काहीच नव्हता, कारण कवळीकर हे त्यांचं नाव नव्हतंच.

दारावरच्या पाटीवर वेगळंच आडनाव होतं. ते फक्त वीजबिल वाटणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. बाकी सगळ्या गल्लीसाठी ते कवळीकर, कारण गेली कित्येक वर्षं ते दातांच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत बसून कवळ्या बनवत होते. गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं होतं. रस्त्याने जाताना कुणी समोरून हसलं, तर ते माणसाकडे बघायच्या आधी दातांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, डावीकडची दाढ अजून थोडी घासायला हवी होती.

कामात माणूस चोख. कवळी बसवली की ते समोरच्याला “सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट” म्हणायला लावत. स, श आणि ष या अक्षरांना पुढचे दात लागतात. दात नसले किंवा सैल बसले, की हवा सुटते आणि सदुसष्टाचं हदुहट होतं. तेव्हा समोरच्याचं सदुसष्ट खणखणीत आल्याशिवाय कवळीकर त्याला खुर्चीवरून उठू देत नसत. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. कवळीकर स्वतः तो विसरले, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

तर शर्यत. पाच टप्प्यांची, पाच दिवसांची, रस्त्यावरची सायकल शर्यत. रोज एक टप्पा, वाटेत एक घाट, आणि हौशी लोकांसाठी वेगळा गट. कवळीकरांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांच्या पोटानेही बरंच काही ओलांडलं होतं. अशा माणसाने शर्यतीत का उतरावं, असं सायकल क्लबच्या कप्तानाने त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “फिटनेस.” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, “जरा बदल.” खरं कारण त्यांनी कुणालाच दिलं नाही. खरं कारण होतं चौथा टप्पा.

झालं होतं असं, की कवळीकरांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. लेक दुसऱ्या शहरात, घाटापलीकडे. बायको म्हणाली होती, महिनाभरात येते. मग बाळाला सर्दी झाली. मग जावयाची बदली होता होता राहिली. मग नातीला आजीशिवाय झोपच येईनाशी झाली. दर संध्याकाळी फोन यायचा आणि दर फोनमध्ये मुक्काम वाढायचा.

“कसे आहात?” ती विचारायची.

“मजेत,” कवळीकर सांगायचे.

“मग राहते अजून थोडे दिवस.”

“राहा की. माझं काय अडलंय?”

फोन ठेवला, की काय काय अडलंय ते एकेक करून समोर यायचं. सकाळी हात आपोआप दोन कप काढायचा. दुसरा परत ठेवावासा वाटायचा नाही, म्हणून ते दोन्ही कप चहा प्यायचे आणि दिवसभर त्यांना जळजळ व्हायची. दाराशी तिच्या घरातल्या चपला होत्या. त्या ते केर काढताना उचलायचे आणि पुन्हा तशाच, एक थोडी तिरकी, ठेवायचे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरात आवाज नव्हता. बायकोला समोर येऊन बोलायची सवयच नव्हती. ती दोन खोल्या पलीकडून बोलायची. “अहो, ऐकलंत का” अशी तिची हाक स्वयंपाकघरातून निघायची आणि भिंतींना वळसे घालून यायची. तिच्यातले शब्द वाटेतच सांडायचे, नुसता आवाज पोचायचा. इतकी वर्षं कवळीकरांनी त्यावर कुरकुर केली होती. आता फोनवर तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू यायचा आणि त्यांना तो मुळीच नको होता. त्यांना हाक हवी होती. एकदोनदा तर नळाच्या आवाजाला त्यांनी “आलो, आलो” म्हटलं होतं.

आता कुणीही म्हणेल, की मग सरळ तिला “ये” म्हणायचं. पण कवळीकरांनी जन्मात असलं काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, स्वतःचं मात्र ऐन वेळी उघडत नसे.

घर खायला उठायचं, म्हणून ते संध्याकाळी घरी जायला उशीर करू लागले. उशीर करायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून सायकल. आधी जुनी, मग एका पेशंटकडून घेतलेली बारीक टायरची. सायकलच्या दुकानात एक दिवस शर्यतीचं पत्रक लावलेलं दिसलं. खाली नकाशा होता. कवळीकरांचं बोट नकाशावरून सहज फिरत होतं, ते चौथ्या टप्प्यावर थबकलं. रस्ता घाट ओलांडून लेकीच्या शहरात शिरत होता आणि थेट लेकीच्या बाल्कनीखालून जात होता.

त्यांना सगळं लख्ख दिसलं. बाल्कनीत बायको उभी, कडेवर नात. खालून सायकलींचा लोंढा येतो. त्यात एक नारिंगी सदरा. तो मान वर करतो, एक हात सोडून हलवतो. बायको आधी ओळखत नाही, मग ओळखते. मग तिला काही सांगावं लागत नाही. नवरा घाट चढून आपल्याला न्यायला आला, हे न बोलता कळतं आणि ती पिशवी भरायला लागते. कवळीकरांना या योजनेतलं सर्वांत आवडलेलं कलम म्हणजे न बोलता.

तयारी जोरात सुरू झाली. भात गेला, साखर गेली, पोट हळूहळू आवरलं. गालफडं बसली. छातीला एक पट्टा आला, तो हृदयाचे ठोके मोजून मनगटावरच्या घड्याळात दाखवायचा. कप्तानाने सांगितलं, की खरे सायकलवाले पायांचे केस काढतात, वाऱ्याचा अडथळा कमी होतो. कवळीकरांनी न्हाणीघराची कडी लावून तेही केलं. आपले पाय इतके गोरे असतील, याची त्यांना कल्पना नव्हती. ते दोन दिवस लांब पँट घालून हिंडले.

या सगळ्याला साक्षीदार एकच, समोरच्या मावशी. त्यांचं दार कवळीकरांच्या दारासमोर, आणि ते सहसा उघडंच. वय झालेलं, घरी एकट्या, जीभ मोकळी आणि मनात काही राहत नाही. कवळीकरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं, कारण त्यांना कुणाला तरी सांगायचं होतंच. फक्त बजावलं, की हिला एवढ्यात कळू द्यायचं नाही. मावशींनी गळ्याला हात लावून कबूल केलं.

मावशींची वरची कवळी कवळीकरांच्याच हातची. ती अलीकडे सैल झाली होती, बोलताना खाली उतरायची. मावशींनी ती घट्ट करायला दिली, तेव्हा कवळीकर म्हणाले, “परवा देतो.” पण परवा त्यांना लांबच्या पल्ल्याचा सराव होता. पुढच्या परवा टायर बदलायचं होतं. मावशी बिचाऱ्या दुधात पाव भिजवून खात राहिल्या आणि दार उघडलं की विचारत राहिल्या, “माझे दात?” कवळीकर जिन्यावरूनच “परवा” म्हणत आणि सायकल खांद्यावर टाकून उतरत. इतकी वर्षं सदुसष्टावाचून कुणाला खुर्चीवरून उठू न देणारा माणूस, त्याने शेजारच्या बाईला चक्क बिनदाताची ठेवली. प्रेमात पडलेल्या माणसाचं कामात लक्ष नसतं, आणि कवळीकर पन्नाशीत स्वतःच्याच बायकोच्या प्रेमात पडले होते.

निघायच्या सकाळी मात्र त्यांनी कवळी नीट करून डबीत घातली आणि डबी सदऱ्याच्या पाठीमागच्या खिशात टाकली. जाता जाता द्यायची होती. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी कवळीकरांच्या हातावर साखर ठेवली आणि तोंडभर, म्हणजे रिकाम्या तोंडभर, हसल्या. कवळीकरांनी साखर तोंडात टाकली आणि ते निघाले. डबी खिशातच राहिली.

आदल्या संध्याकाळी त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं होतं, “थोडे दिवस कामाची गडबड आहे. फोन लागला नाही तर काळजी करू नकोस.” ज्या वाक्याने जगातली कुठलीही बायको त्या क्षणापासून काळजी करायला लागते, नेमकं तेच वाक्य.

पहिल्याच टप्प्यात पहिल्या विसांचा विचार संपला. पहिले वीस कवळीकरांना निघताना एकदा दिसले, पाठमोरे. दुसऱ्या टप्प्यात मधलेही दिसेनासे झाले. शर्यतीच्या शेवटी एक गाडी चालते, थकलेल्यांना उचलून घेणारी. तिला सगळे झाडूगाडी म्हणत. तिसऱ्या टप्प्यापर्यंत झाडूगाडीच्या ड्रायव्हरची आणि कवळीकरांची इतकी घसट झाली, की तो खिडकीतून त्यांना आपल्या दाढेबद्दल विचारू लागला. कवळीकर पायडल मारत मारत सल्ला देत होते. दरवेळी ड्रायव्हर दार उघडून म्हणायचा, “बसा आता, काका.” आणि कवळीकर म्हणायचे, “चौथ्यानंतर.”

संध्याकाळी मुक्कामाला पोचले की ते जेवून आडवे होत आणि बॅगेतून फोन काढून बायकोला एकच शब्द पाठवत, “मजेत.” मग फोन बंद करून झोपत. हा शब्द त्यांनी तीन संध्याकाळी पाठवला. तिसऱ्या संध्याकाळी बायकोचा धीर सुटला आणि तिने समोरच्या मावशींना फोन लावला.

आता मावशींची बाजू नीट समजून घ्यायला हवी. त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. पोर काळजीने रडकुंडीला आली आहे, तिला निदान शर्यतीचं सांगून टाकावं, बाल्कनीचं तेवढं राखून ठेवावं, असा त्यांनी सुज्ञ विचार केला. फक्त त्यांना दात नव्हते, आणि ज्या दोन शब्दांवर सगळा उलगडा होता, ते दोन्ही नेमके दातांचे होते.

“अगं, ते गेलेत हर्यतीला,” मावशी म्हणाल्या.

“हृदय?” बायको म्हणाली. “मावशी, हृदयाचं काय?”

“मोठी हर्यत आहे. फार मोठी.”

बायकोने अर्थ लावला. हृदय मोठं झालंय. तिने विचारलं, कधीपासून? मावशी म्हणाल्या, तू गेलीस तेव्हापासूनच, एकटेच सगळं करत होते. छातीला पट्टा लावलाय, त्यात ठोके मोजतात. बायकोने विचारलं, खाणंपिणं? मावशी म्हणाल्या, भात बंद, गोड बंद, नुसती हाडं राहिलीत. आणि पाय बघशील तर एक केस नाही, सगळे काढले. आता बायकोच्या मोठ्या दिराची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या वेळी पायातली शीर काढायची म्हणून आधी पाय असेच साफ केले होते, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिला पुढे काही विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं, “आता काही उतार?”

“उतार कुठला,” मावशी म्हणाल्या, “उद्या तर नुहता चढ आहे. घाम फुटेल. तो एक निभावला की मग हेवटचा टप्पा.”

“शेवटचा टप्पा,” बायको म्हणाली. हा शब्द तिला बरोब्बर कळला.

“पण तू इकडे येऊ नकोह,” मावशींनी घाईने सांगितलं, कारण बाल्कनी रिकामी राहिली असती. “तुला कळू द्यायचं नाही म्हणाले होते. तू तिथेच राहा.”

सायकल हा शब्दही मावशींनी दोनतीनदा उच्चारला होता. त्याचं हायकल झालं. ते एखाद्या औषधाचं नाव असावं, असं बायकोला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायको पहिल्या बसमध्ये बसली. जावयाने सोडायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, तू बाळाजवळ थांब. शर्यत वळसे घेत घेत चालली होती, पण बसने सरळ गेलं तर घाट ओलांडून अर्ध्या दिवसाचा रस्ता. खिडकीशी बसून ती सबंध वेळ एकच हिशेब करत होती. हा माणूस रोज “मजेत” म्हणत होता आणि आपण रोज ते मानत होतो. खरं तर तिलाही कधीच परत यायचं होतं. नात गोड होती, पण ती हाक मारली की कुरकुर करत उठून येणारी नव्हती. माणूस एकदा म्हणेल “ये”, म्हणून ती वाट बघत राहिली होती. तो म्हणाला नाही, आणि हिने विचारलं नाही.

त्याच सकाळी कवळीकर घाट चढत होते. चढ असा, की सायकल पुढे जाते आहे की मागे, हे झाडाकडे बघून ठरवावं लागे. बाकीचे केव्हाच पलीकडे उतरून गेले होते. पोलिसांनी वाहतूक अडवून धरली होती. वळणावर ट्रक, मोटारी, एक बस, सगळे खोळंबून उभे, कारण शर्यतीचा शेवटचा माणूस अजून जायचा होता. शेवटचा माणूस म्हणजे कवळीकर. मागून झाडूगाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, “काका, लोक थांबलेत. बसा.”

कवळीकरांचे पाय खरोखर संपले होते. ते ब्रेक दाबणार, इतक्यात बसच्या मागच्या खिडकीतून एक बाई काहीतरी ओरडली. वारा होता, कानांत स्वतःचा श्वास घुमत होता, शब्द एकही लागला नाही. पण आवाज पोचला. दोन खोल्या पलीकडून यावा तसा. किती तिच्यासारखा, त्यांना वाटलं. माणसाला आस लागली की बसमधल्या परक्या बाईचाही आवाज आपल्या माणसाचा वाटतो. त्यांनी वर पाहिलं नाही, कारण वर पाहिलं असतं तर पडले असते. पण एक हात सोडून त्यांनी त्या आवाजाला हलवला. त्यावर बाई आणखी जोरात ओरडली. कवळीकरांना वाटलं, किती मनापासून प्रोत्साहन देते आहे बिचारी. त्यांचे पाय पुन्हा फिरू लागले. पुढचं वळण गेलं, त्याच्या पुढचं गेलं, आणि अचानक समोर चढ नव्हता, नुसतं आभाळ होतं.

दुपारी कवळीकर लेकीच्या रस्त्याला लागले. कडेला उभी असलेली माणसं केव्हाच पांगली होती. एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, त्याने टाळ्या वाजवल्या. कवळीकरांनी सदरा खाली ओढला, पोट आत घेतलं, मान वर केली.

बाल्कनी रिकामी होती. दोरीवर नातीची दुपटी वाळत होती, एवढंच.

कवळीकर थांबले. झाडूगाडीही थांबली. ते खालून बघत राहिले. कदाचित ती आत असेल. कदाचित बाळ नुकतंच झोपलं असेल. त्यांनी हेल्मेट काढलं, कारण हेल्मेटमुळे ओळखलं नसेल तर. इतका लांबचा रस्ता त्यांनी याच एका जागेसाठी तुडवला होता आणि या जागेवर दुपटी होती. त्यांना लहान मुलासारखं रडू येईल असं वाटलं. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनीच हाक मारली. “अगं, ऐकलंस का?”

बाल्कनीत लेक आली. तिने खाली पाहिलं आणि कठडा गच्च धरला. “बाबा? तुम्ही दवाखान्यात नाही?”

“चौथ्या टप्प्यात आहे,” कवळीकर म्हणाले. त्याने लेकीला अजिबात दिलासा मिळाला नाही.

मग ते वर गेले. सायकल जिन्याखाली, ड्रायव्हर पाणी प्यायला बरोबर. लेकीने आधी त्यांना हात लावून पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग सगळं सांगितलं. आई सकाळीच घरी गेली. तुमच्या हृदयासाठी. कवळीकरांनी “हृदय” हा शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. नंतर “शर्यत” म्हटलं, पण दातांना जीभ न लावता. हात आपोआप पाठीमागच्या खिशात गेला. डबी तिथेच होती. मावशींच्या दातांनी चार टप्पे पूर्ण केले होते.

लेकीने आईच्या मोबाइलला फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि ड्रायव्हरला घेऊन आत जायला हवं होतं, पण ती गेली नाही. दोघंही तिथेच उभे राहिले. पलीकडून “हॅलो” आलं.

कवळीकरांना ठाऊक होतं, की ती आता बोलायला लागली तर आपलं राहून जाईल. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं बाहेर काढलं. “हे बघ, मध्ये बोलू नकोस. मला काही झालेलं नाही. मी रोज मजेत म्हणायचो, ते खोटं होतं. मला तुझ्याशिवाय करमत नाही. घरात आवाज नाही. मी रोज दोन कप चहा पितो. तू परत ये, एवढंच सांगायला मी चार दिवस सायकल मारत आलो.”

पलीकडे नळ वाहत होता. मग एक मऊ, पोकळ आवाज आला.

“ती तोंड धुतेय. निरोप देऊ का?”

मावशी होत्या. कवळीकर खुर्चीत बसले. पलीकडे काहीतरी कुजबूज झाली, मावशींचं हसणं ऐकू आलं, मग फोन बायकोच्या हातात गेला. तिने आधी सगळं रडून घेतलं, मग विचारलं, कुठल्या दवाखान्यात आहात. कवळीकरांनी सांगितलं, की ते तिच्याच खुर्चीत बसले आहेत, नातीच्या पाळण्याशेजारी. मग हळूहळू शर्यत, टप्पे, पट्टा, पाय, सगळं सांगितलं.

“सायकल,” बायको म्हणाली. स्वच्छ, दातांसकट. मग ती एकदम थांबली. “घाटात आमची बस खोळंबली होती. त्या सायकलवाल्यांपायी. एक शेवटचा म्हातारा काही केल्या पुढे सरकेना. नारिंगी सदरा.”

“हो,” कवळीकर म्हणाले.

“मी त्याला खिडकीतून नको नको ते बोलले. म्हटलं, तुमच्यासारख्या रिकामटेकड्यांमुळे लोकांचे नवरे मरतील.”

“शब्द नाही कळले.”

“आणि तुम्ही वर हात केलात मला.”

“आवाज तुझ्यासारखा वाटला,” कवळीकर म्हणाले. “म्हणून तर चढलो. नाहीतर गाडीत बसणारच होतो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मावशी म्हणतायत, तुमचा काहीतरी निरोप आहे. तीनदा बोलल्या त्या, आणि तीनदा लाजल्या. त्यांना दात नाहीत, मला काही कळलं नाही. तुम्हाला आहेत ना? मग तुम्हीच म्हणा.”

कवळीकरांनी आजूबाजूला पाहिलं. लेक बघत होती. ड्रायव्हर पाण्याचा ग्लास हातात धरून बघत होता. एकदा म्हणून झालेलं वाक्य, आणि ते शेजारणीला. आता दुसऱ्यांदा. कानांच्या पाळ्या तापल्या. पण घाट ओलांडलेला माणूस होता तो.

“मला तुझ्याशिवाय करमत नाही,” ते म्हणाले. “इथून पुढे घरीच राहा.”

“आहेच मी घरी,” बायको म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता. “कप दोन धुतलेले होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता उद्याचा टप्पा उरका आणि या. मावशींचे दात आठवणीने आणा, त्या पाव खाऊन कंटाळल्यात.” मग तिला काहीतरी आठवलं. “अहो, पण ऐकलंत का?”

“काय?”

“एवढंच सांगायचं होतं, तर ते फोनवर सांगता येत होतं. त्यासाठी पायांचे केस कशाला काढलेत?”

याला कवळीकरांकडे वाऱ्याच्या अडथळ्याचं शास्त्रीय उत्तर होतं. त्यांनी खाली पाहिलं. पोटऱ्यांवर बारीक खुंट उगवायला लागले होते. ते म्हणाले, “येतील परत.”